कुत्रा ऐकत नाहीं म्हणजे काय?

कुत्रा पाळलेल्या घरीं प्रथमच जाणाऱ्या पाहुण्याचें स्वागत कसें होतें, याचा अनुभव आपल्यापैकीं बहुतेकांनीं घेतला असेल. घंटा वाजतांच आंतून भुंकण्याचा कल्लोळ उठतो. दार किलकिलें होतें. यजमान एका हातानें पट्टा ओढीत आणि दुसऱ्या हातानें नमस्कार करीत उभे असतात. आणि "कांहीं करीत नाहीं हो तो, या तुम्ही," हें वाक्य पुरें होण्यापूर्वींच त्या प्राण्याचे पुढचे दोन्ही पंजे पाहुण्याच्या धुवट सदऱ्यावर उमटलेले असतात. यजमान ओशाळून म्हणतात, "काय करावें, ऐकतच नाहीं!" आज मी याच तक्रारीचा विचार करणार आहें. कुत्रा ऐकत नाहीं, तेव्हां नेमकें काय होत असतें?

ही तक्रार वरवर विनोदी वाटते. परंतु तिचा शेवट पुष्कळदां विनोदी नसतो. भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या कुटुंबांत कुत्र्याच्या भुंकण्यावरून अबोला धरला जातो, गृहनिर्माण संस्थेच्या सभेंत खडाजंगी होते, प्रसंगीं पोलीसचौकीही गांठली जाते. आणि या साऱ्या भांडणांत ज्याला स्वतःची बाजू मांडतां येत नाहीं, त्याला एके दिवशीं मोटारींत घालून गांवाबाहेर सोडून देण्यांत येतें. हौसेनें आणलेलें पिलूं वर्षादीड वर्षांत डोईजड होतें आणि मग "कोणी शेतावर ठेवून घेईल काय?" अशी विचारपूस सुरू होते. घरांत वाढलेला कुत्रा रस्त्यावर निभावत नाहीं. त्याला अन्न हुडकतां येत नाहीं, वाहनें चुकवितां येत नाहींत, आणि त्या वस्तींतलीं कुत्रीं त्याला आपल्या हद्दींत उभें राहूं देत नाहींत. प्राण्यांना क्रूरतेनें वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यानें जनावराला अशा उपासमारीच्या तोंडीं सोडून देणें हा गुन्हा ठरविला आहे. पण रात्रीच्या अंधारांत मोटारीचें दार उघडणाऱ्याला कोण पाहतो?

आपल्या भाषेनेंही कुत्र्याला फारसा न्याय दिलेला नाहीं. धर्मराजानें स्वर्गाच्या दारांतही ज्याला टाकलें नाहीं, दत्तात्रेयांच्या पायाशीं ज्याला जागा मिळाली, खंडोबाच्या चित्रांत घोड्याबरोबर जो धांवतो, त्याच्याच शेंपटाबद्दल आपण म्हण केली कीं, तें नळींत घातलें तरी वांकडें तें वांकडेंच. या म्हणीनें कुत्र्याच्या मालकांची मोठी सोय केली आहे. स्वभावाला औषध नाहीं म्हटलें, कीं प्रयत्न करण्याची जबाबदारी उरत नाहीं. वस्तुस्थिति नेमकी उलट आहे. सकाळीं डोळे उघडल्यापासून रात्रीं मुटकुळें करून निजेपर्यंत कुत्रा शिकतच असतो. आपण शिकवीत असलों वा नसलों, त्याची शाळा सुटत नाहीं. ज्याला आपण अनावर म्हणतों, तो बहुधा न शिकलेला नसतो. आपल्याच घरांत नको तें उत्तम रीतीनें शिकलेला असतो.

तो शिकतो कसा, हें समजण्यास एका मांजराची गोष्ट उपयोगी पडेल. एडवर्ड थॉर्नडाइक या अमेरिकन शास्त्रज्ञानें १८९८ मध्यें आपल्या प्रयोगांची हकीकत प्रसिद्ध केली. भुकेल्या मांजराला तो लांकडी पट्ट्यांच्या पेटींत कोंडी आणि बाहेर खाद्य ठेवी. आंतली दोरी ओढली किंवा खटका दाबला, कीं पेटीचें दार उघडे. मांजर प्रथम ओरबाडी, पट्ट्यांना चावे, अंग घुसवी. आणि त्या धडपडींत केव्हां तरी चुकून खटका दाबला जाई. पुन्हां पुन्हां कोंडल्यावर निरर्थक हालचाली एकेक करून गळून पडत आणि जिनें दार उघडलें तेवढीच शिल्लक राही. पुढें तर आंत ठेवतांच मांजर सरळ खटक्याकडे जाई. थॉर्नडाइकनें हे प्रयोग कुत्र्यांवरही केले होते. रशियांतील पावलॉव्हचीं लाळ गाळणारीं कुत्रीं अधिक प्रसिद्ध आहेत, आणि त्यांच्याकडे मी पुढें वळणारच आहें. परंतु कुत्र्याच्या खोड्या समजून घ्यावयाच्या तर थॉर्नडाइकचें मांजर जवळचें, असें माझें मत आहे.

आतां तो सदऱ्यावरचा पंजा घ्या. लहान पिलें आईच्या तोंडाशीं तोंड नेऊन, तिचे ओठ चाटून खाऊ मागतात. माणसाचें तोंड उंचावर, म्हणून कुत्रा वर उडतो. दोन महिन्यांचें पिलूं असें करतें, तेव्हां घरांतलें प्रत्येक माणूस त्याला उचलून छातीशीं धरतें. आठ-दहा महिन्यांनीं तेंच पिलूं पंचवीस किलोंचें होतें आणि कालचें कौतुक आज अपराध ठरतें. यजमान ओरडतात, दोन्ही हातांनीं ढकलतात, नांव घेऊन रागावतात. आपल्याला ही शिक्षा वाटते. दिवसभर एकट्या पडलेल्या कुत्र्याला मात्र त्यांत हवें तें सर्व मिळतें: माणसाचा स्पर्श, माणसाची नजर, माणसाचा आवाज. पेटीचें दार उघडलें! उद्यां तो अधिक उंच उडेल.

यावर उपाय सांगावयास सोपा आहे. पंजे जमिनीवरून सुटले, कीं माणसानें पाठ फिरवावी. हात छातीशीं, तोंड बंद, नजर भिंतीकडे. चारही पाय टेकले, कीं त्याच क्षणीं वळून कौतुक करावें आणि तोंडांत खाऊचा कण द्यावा. त्याआधीं शांत वेळीं त्याला खालीं बसावयास शिकवून ठेवलें असेल, तर काम अर्धें होतें. कारण बसलेल्या कुत्र्याला उडी मारतां येत नाहीं. "हें करूं नकोस" ही कल्पना कुत्र्याला कळणें दुर्घट, "त्याऐवजीं हें कर" ही सुलभ. खाऊ म्हणजे उकडलेल्या अंड्याचा, पनीराचा किंवा कोंबडीच्या मांसाचा हरभऱ्याएवढा तुकडा; पोट भरण्यासाठीं तो नसून, "हेंच हवें होतें," असें सांगण्यासाठीं असतो. म्हणून तो तत्क्षणींच दिला पाहिजे. डबा उघडून खाऊ काढीपर्यंत कुत्रा उठून दुसरेंच कांहीं करूं लागलेला असतो, आणि मग बक्षीस त्या दुसऱ्या गोष्टीला मिळतें.

येथें एक अवघड वळण आहे आणि बहुतेक कुटुंबें तेथूनच परत फिरतात. आपण बटण दाबलें आणि दिवा लागला नाहीं, तर आपण निमूटपणें अंधारांत बसत नाहीं. तेंच बटण चार-पांच वेळां जोरजोरानें दाबतों. कुत्राही तेंच करतो. आजवर हमखास फळ देणारी उडी निष्फळ ठरूं लागली, कीं ती नाहींशी होण्यापूर्वीं कांहीं दिवस वाढते. "बघा, तुमच्या उपायानें जास्तच बिघडला," असें घरांतले म्हणतात आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशीं कोणी तरी कंटाळून त्याच्या डोक्यावर हात ठेवतो. एवढ्यानें कुत्रा नवा धडा शिकतो, कीं पूर्वीचा जोर कमी पडत होता. याहून वाईट म्हणजे अधूनमधून मिळणारें फळ. फर्स्टर व स्किनर या शास्त्रज्ञांनीं १९५७ मध्यें प्रसिद्ध केलेल्या मोठ्या ग्रंथांत, बक्षीस कोणत्या क्रमानें मिळालें असतां प्राणी कसे वागतात, हें तपशीलवार मांडलें आहे. दर खेपेस मिळणारें बक्षीस बंद झालें, तर ती कृति लवकर सुटते. केव्हां मिळेल याचा भरंवसा नसलेलें बक्षीस बंद झालें, तरी प्राणी कितीतरी काळ आशेनें तीच कृति करीत राहतो. सोडतीच्या तिकिटाचा नाद ज्यांनीं पाहिला आहे, त्यांना याचें आश्चर्य वाटणार नाहीं.

आणि आपल्या एकत्र नांदत्या घरांत हें अधूनमधूनचें बक्षीस देणारा कोणी तरी असतोच. वडील सांगतात, जेवतांना कुत्र्याला कांहीं द्यावयाचें नाहीं. आई तें पाळते. मुलें निदान वडिलांसमक्ष पाळतात. आणि आजोबा, कोणाचें लक्ष नाहीं असें पाहून, पोळीचा तुकडा हळूच टेबलाखालीं सोडतात. कुत्रा रोज सर्वांच्या ताटाशीं लाळ गाळीत उभा राहतो आणि सर्वजण म्हणतात कीं हा निर्लज्ज आहे. तो निर्लज्ज नाहीं. त्याचा हिशेब बरोबर आहे. आजोबांना कसें दटावावें, हा मात्र कुत्र्याच्या शिक्षणापेक्षां कठीण प्रश्न असून त्यावर माझ्याजवळ एकच तोडगा आहे. आजोबांनीं तुकडा अवश्य द्यावा. मात्र जेवण आटोपल्यावर, कुत्र्याच्या स्वतःच्या भांड्यांत, आणि तो बसला असेल तरच. माझ्या पाहण्यांतल्या एका घरीं हा तह दोन वर्षें टिकून आहे.

शेजाऱ्यांशीं वितुष्ट येतें तें मुख्यतः भुंकण्यावरून. दारावरची घंटा हें पावलॉव्हच्या प्रयोगशाळेचें घरगुती रूप होय. त्याच्या कुत्र्यांना खाद्यापूर्वीं ठराविक आवाज ऐकूं येई. पुढें नुसत्या त्या आवाजानेंच त्यांना लाळ सुटे. आपल्या घरच्या घंटेला स्वतःचा अर्थ कांहींच नाहीं. पण तिच्यामागून दर वेळीं परका माणूस येतो, म्हणून ती वाजतांच कुत्र्याचें रक्त उसळतें. तो अर्थ बदलतां येतो. घरांतल्याच एकानें बाहेर उभें राहून घंटा वाजवावी, कोणीही आंत येऊं नये, आणि त्याच वेळीं दुसऱ्यानें दारापासून दूर अंथरलेल्या चटईवर खाऊ टाकावा. दिवसांतून आठ-दहा वेळां असें कांहीं आठवडे केलें, कीं घंटा वाजतांच कुत्रा दाराऐवजीं चटईकडे धांवूं लागतो. खिडकींतून रस्त्यावरच्या माणसांवर भुंकणाऱ्याची गोष्ट निराळी. टपालवाला येतो, कुत्रा भुंकतो, टपालवाला निघून जातो. आपल्याला ठाऊक असतें, कीं त्याला पुढच्या घरीं जावयाचें होतें. कुत्र्याच्या मतें आपणच त्याला पळवून लावलें. असा रोजचा विजय कोण सोडील? तेथें शिकवण्यापेक्षां खिडकीच्या खालच्या तावदानांना अपारदर्शक कागद चिकटविणें अधिक शहाणपणाचें.

तिसरें भुंकणें एकटेपणाचें व रिकामपणाचें. त्यावर ना रागावण्याचा उपयोग, ना खाऊचा. कुत्र्यांच्या जाती माणसानें शोभेसाठीं नव्हे, कामासाठीं तयार केल्या, ही गोष्ट विकत घेतांना आपण विसरतों. लॅब्राडोरचे पूर्वज न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावर कोळ्यांबरोबर काम करीत आणि पुढें इंग्लंडांत मारलेली शिकार तोंडांत धरून आणण्यासाठीं ती जात वाढविली गेली. तो घरांतले जोडे तोंडांत घेऊन फिरतो यांत नवल काय? जर्मन शेफर्ड हा मेंढ्या राखणारा. त्याला राखावयास मेंढ्या नसल्या, तर तो जिना राखतो. आपल्या दख्खनचा कारवान सशामागें माळरान तुडविण्यासाठीं जन्मला. त्याला दोन खोल्यांच्या बिऱ्हाडांत ठेवून तो सोफा फाडतो म्हणून रडणें व्यर्थ. ज्यांना सकाळ-संध्याकाळ मिळून तास-दीड तास चालण्यास सवड नाहीं, त्यांनीं असा कुत्रा आणूंच नये. चालणें म्हणजे ओढीत नेऊन आणणेंही नव्हे. वास घेणें हेंच कुत्र्याचें वर्तमानपत्र आहे. तें त्याला वाचूं द्यावें. जेवणही भांड्यांत ओतण्याऐवजीं कधीं जुन्या टॉवेलाच्या घड्यांत लपवून द्यावें, म्हणजे तें हुडकण्यांत त्याचा अर्धा तास सुखानें जातो. आणि ज्या घरीं कुत्रा दिवसभर साखळीला असतो, तेथल्या भुंकण्याबद्दल बोलावयाचें तर मघां सांगितलेल्या १९६० च्या कायद्याचें अकरावें कलम वाचावें. नेहमीं बांधून वा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसें फिरविण्याची हयगय करणारा मालक त्या कलमान्वयें अपराधी ठरतो.

"पण दोन रट्टे दिल्याशिवाय तो सुधारायचा नाहीं," असें म्हणणारे गृहस्थ अजून पुष्कळ आहेत. कुत्रा म्हणजे लांडगा, लांडग्यांच्या कळपांत एक सर्वाधिकारी असतो, तेव्हां घरांत मालकानें तो अधिकार बळानें प्रस्थापित करावा, असा त्यांचा युक्तिवाद असतो. रुडॉल्फ शेंकेल यानें १९४७ मध्यें बंदिस्त लांडग्यांविषयीं जें निरीक्षण प्रसिद्ध केलें, त्यावर या मताची बरीचशी इमारत उभी आहे. परंतु कोंडवाड्यांत एकत्र आणलेल्या परक्या प्राण्यांची झुंज ही त्यांच्या नैसर्गिक समाजाची रीत नव्हे. डेव्हिड मीच या शास्त्रज्ञानें १९७० च्या आपल्या ग्रंथांत हीच कल्पना सांगितली होती. पुढें रानांतल्या लांडग्यांचा दीर्घ अभ्यास केल्यावर १९९९ मध्यें त्यानेंच ती दुरुस्त केली. रानांतला कळप हें बहुधा एक कुटुंब असतें. आईबाप आणि त्यांचीं लेंकरें. सर्वाधिकाऱ्याच्या सिंहासनाची गोष्टच तेथें उद्भवत नाहीं.

मारण्याला माझा मुख्य आक्षेप मात्र वेगळा आहे, आणि तो श्रोत्यांनीं नीट ध्यानांत घ्यावा. मारानें बहुधा पहिली गोष्ट बंद पडते ती गुरगुर. गुरगुरणें ही कुत्र्याची भाषा आहे. "मला भीति वाटते, दूर व्हा," असें तो सांगत असतो. त्याच्याही आधीं तो पुष्कळ कांहीं सांगतो: तोंड फिरवितो, झोप आलेली नसतां जांभई देतो, ओठ चाटतो, डोळ्याच्या कोपऱ्यांतलें पांढरें दाखवितो, एकाएकीं अंग ताठ करून स्तब्ध होतो. हें सर्व वाचतां न येणाऱ्या माणसाला तो शेवटीं गुरगुरून सांगतो, आणि त्याबद्दल त्याला छडी मिळते. पुढच्या वेळीं भीति तेवढीच असते, सूचना मात्र नसते. "इतका गरीब कुत्रा, अचानक चावला," अशा हकीकती आपण ऐकतों, त्यांतल्या कित्येकांच्या मागें अशी दडपलेली गुरगुर असते. भुंकणारा कुत्रा चावत नाहीं, ही म्हण तर लहान मुलांना शिकवूंच नये. भुंकणारा कुत्रा चावतो, आणि न भुंकणाराही चावतो. अनेक देशांतल्या पाहण्यांतून असें दिसून आलें आहे, कीं लहान मुलांना चावणारा कुत्रा बहुतेक वेळां परका नसतो. तो घरचा किंवा ओळखीचा असतो. मूल त्याला मिठी मारतें, तो जेवत असतां त्याच्या भांड्यांत हात घालतें, निजला असतां अंगावर पडतें. पांच-सहा वर्षांखालचें मूल आणि कुत्रा, मग तो कितीही सोशीक असो, यांना एका खोलींत मोठ्या माणसावांचून सोडूं नये. गुरगुर ऐकूं आली, तर मुलाला शांतपणें बाजूला घ्यावें, आणि कुत्र्याला न मारतां तो कशाला भ्याला तें शोधावें.

भीतीचें मूळ पुष्कळदां पिलाच्या वयांत असतें. स्कॉट व फुलर यांनीं अमेरिकेंत अनेक वर्षें केलेल्या संशोधनाचा ग्रंथ १९६५ मध्यें निघाला. त्यांत त्यांनीं दाखविलें कीं, सुमारें तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यापर्यंत पिलूं माणसांशीं व नव्या गोष्टींशीं सहज मैत्री जोडतें. पुढें तें दार हळूहळू मिटूं लागतें. आपल्याकडे लसी पुऱ्या होईपर्यंत पिलाला घरांत कोंडण्याची रीत आहे. जमिनीवर सोडूं नये हें ठीक. पण कडेवर घेऊन त्याला छत्रीवाला माणूस, भाजीची गाडी, शाळेचीं मुलें, लिफ्टचा आवाज हें सर्व दाखवितां येतें.

इतकें करूनही दांत लागलाच, तर काय करावें? जखम लहान असो वा नुसता ओरखडा असो, वाहत्या पाण्यानें व साबणानें ती पंधरा मिनिटें, घड्याळ लावून, धुवावी. हळद, चुना, तिखट, तंबाखू यांपैकीं कांहींही भरूं नये, आणि त्याच दिवशीं दवाखाना गांठावा. लुई पाश्चरनें १८८५ मध्यें पिसाळलेल्या कुत्र्यानें चावलेल्या एका मुलाला लस टोचून वांचविलें, तेव्हांपासून हा रोग टाळतां येतो. पण लक्षणें दिसूं लागल्यावर त्यांतून वांचणें आजही जवळजवळ अशक्य आहे. "कुत्रा घरचाच आहे, त्याला लस दिली आहे," असें म्हणून स्वस्थ बसूं नये; तें डॉक्टरांना सांगावें आणि काय करावयाचें तें त्यांना ठरवूं द्यावें. वैद्यांनीं सांगितलेल्या ठराविक दिवसांच्या सर्व सुया घ्याव्यात, दोन घेऊन थांबूं नये.

शेजाऱ्यांविषयीं थोडें. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या २९१ व्या कलमाप्रमाणें, आपल्या जनावरापासून माणसाच्या जीवास किंवा जबर दुखापतीचा संभव असतां पुरेशी खबरदारी न घेणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, पांच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊं शकतात. परंतु कायद्याची वेळ येण्यापूर्वीं पुष्कळ कांहीं करतां येतें. जिन्यांत व लिफ्टमध्यें दोरी आंखूड धरावी. कोणी भीत असेल तर आपण मागें राहून त्याला आधीं जाऊं द्यावें. विष्ठा उचलण्यास कागद व पिशवी नेहमीं खिशांत असावी. आणि शेजारी तक्रार घेऊन आला, तर "तुम्हांला प्राण्यांची आवडच नाहीं," असें म्हणण्यापूर्वीं त्याला एवढेंच विचारावें, कीं कुत्रा किती वाजतां भुंकतो. आपण कामावर असतों त्या वेळचा साक्षीदार तोच आहे. त्याच्या उत्तरावरून पुष्कळदां कारण सांपडतें: दुपारचा भंगारवाला, समोरच्या गच्चीवरचें मांजर, किंवा आपण घराबाहेर पडल्यानंतरचा पहिला अर्धा तास.

शेवटीं एक अपवाद सांगितला पाहिजे. आजवर शहाण्यासारखा वागलेला कुत्रा एकाएकीं चिडूं लागला, घरांत लघवी करूं लागला, हाक मारली असतां येईनासा झाला, तर तेथें शिकवणीचा प्रश्न नसून पशुवैद्याचा आहे. दुखरा कान, किडलेली दाढ, सुजलेला सांधा यांनीं गरीब कुत्राही दांत दाखवितो. दहा-बारा वर्षांचा कुत्रा ऐकत नाहीं, तेव्हां त्याला खरोखरच ऐकूं येत नसण्याचा संभव असतो. कांहीं म्हाताऱ्या कुत्र्यांना रात्र आणि दिवस यांचा मेळ राहत नाहीं. मध्यरात्रीं उठून तीं भिंतीकडे तोंड करून भुंकतात, ओळखीच्या दाराची चुकीची बाजू धरून उभीं राहतात. अशा वेळीं दिवा लावून त्याच्याजवळ जावें, आवाजाऐवजीं हातानें आपली ओळख पटवावी, आणि त्याला पुन्हां त्याच्या अंथरुणापर्यंत पोंचवावें. खोलींतला लहान दिवा रात्रभर राहूं द्यावा व पाण्याचें भांडें अंथरुणाजवळ सरकवून ठेवावें.